बादलीतलं अंडं

मी अंडं खात नाही. आमच्या भूगावच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्याने त्याने त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावून टाकला आहे. आम्ही बौद्ध, म्हणून अहिंसा असणार, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं. कोलेस्टेरॉल असेल, असं त्यांच्या यजमानांना वाटतं. मी त्यांच्या नाकासमोर बोंबील भाजते, खेकड्याची नांगी दाढेखाली फोडते, तरी दोघांची मतं जागची हलत नाहीत. परवा सोसायटीच्या दारात अंड्यांची गाडी आली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यावर हिरव्या शाईत कोंबडी काढलेली आणि खाली लिहिलेलं, 'मुळशीच्या मातीतली, नैसर्गिक आहारावर वाढलेली'. बायका भाव न विचारता घेत होत्या. विकणारा पोरगा मला म्हणाला, "मॅडम, एकदा नेऊन तर बघा. ओरिजिनल मुळशी आहे." ओरिजिनल मुळशी! मुळशीची कोंबडी काय काय खाते ते मला विचार की बाबा, असं ओठांवर आलं होतं, पण त्याच्या आधी पोटातलंच वर यायला लागलं. मी जिना चढून घरी आले आणि बेसिनवर वाकून चुळा भरत राहिले. केस पांढरे झाले तरी ही शिसारी काही जात नाही. म्हणून ती एकदाची लिहून टाकते.

आमचं घर धरणाच्या काठच्या गावात, वस्तीच्या अगदी टोकाला. दोन खोल्या, वर कौलं, मागे परस आणि परसात एक फणस. परस संपला की भाताची खाचरं लागायची. त्यातला आमचा तुकडा एवढासा, त्याचं भात जेमतेम शिमग्यापर्यंत पुरायचं. घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, बंगल्यांच्या प्लॉटना तारेचं कुंपण घालायच्या कामावर जायचे. आई मिळेल त्या मजुरीला जायची. आणि चूल होती आत्याच्या ताब्यात. आत्या आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. बारीक, काळी, ताठ मानेची बाई. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागायची सोय राहायची नाही. आबा तिला आक्का म्हणायचे आणि गावात कुणाला न भिणारा तो माणूस तिच्यापुढे पायरीवर अंग चोरून बसायचा.

तिच्या चुलीवर काय शिजायचं ते रान ठरवायचं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. ओढ्यातले काळे खेकडे, आणि त्यातही पोटाखाली पिल्लं घेतलेली खेकडीण निघाली की आत्या आबांना ती सोडायला माघारी पाठवायची. "लेकुरवाळीला हात लावायचा न्हाई. सोडून ये जा तितंच." उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या राखेत भाजून, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. भात निथळून निघालेली पेज मीठ घालून प्यायची, तांदूळ धुतलेलं पाणी कोंबड्यांना, कण्याही कोंबड्यांना, चुलीतली राख भांड्यांना. कापणीनंतर लोकांच्या खाचरात गळून पडलेल्या लोंब्या वेचायला आम्ही जायचो, त्याला सरवा म्हणतात. तो मात्र तिला चालायचा. "ती जमिनीनं दिल्याली हाय, मानसानं न्हाई," असं ती सांगायची. आमच्या घरातून उकिरड्यावर जायला काही उरायचंच नाही. आता आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हेच शिकवायला पुण्याहून एक बाई येतात, फी घेतात आणि टाकळ्याला सुपरफूड म्हणतात. मी एकदा गेले होते. पेज चिनीमातीच्या वाटीत दिली होती, वर कोथिंबीर टाकून. मला हसू आलं नाही, किळस आली. गरिबीचा वास धुऊन काढलेली पेज होती ती.

आत्याचे नियम तीन. उष्टं नाही, मेलेलं नाही, मागून नाही. हे नियम तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे. त्यांच्या तरुणपणी गावकीचं काम करायचं आणि त्या बदल्यात घरोघर फिरून शिळ्यापाक्या भाकरी गोळा करायच्या, अशी आमच्या लोकांची पाळी असे. दारातून भाकरी वरून टाकायचे, कालवण वरून ओतायचे, सगळ्या घरांचं एकाच गाडग्यात. धर्म बदलला त्या वर्षी आजोबांनी ते गाडगं दगडावर आपटून फोडलं आणि घरात हे तीन नियम आले. आत्या ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगायची, "आमचा बा जायचा, मग जायाचा बंद झाला." त्याच्या पुढे एक अक्षर नाही. आबा तर गाडगं फुटल्यानंतर जन्मलेले. त्यांना नियम माहीत होता, वास माहीत नव्हता. मला आत्याच्या दोन सवयींचं फार नवल वाटायचं. जेवायला बसली की ती स्वतःच शिजवलेलं ताट आधी हुंगायची. आणि दोन कालवणं एका ताटात एकमेकांना लागू द्यायची नाही, आमटीला वेगळी वाटी, भाजीला वेगळी. घरात वाट्या चारच, तरी.

मी सातवीत होते तेव्हा माझ्या अंगात रक्तच राहीना. तोंड पांढरंफटक, चार पावलं चाललं की धाप. पौडच्या डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला म्हणाले, "रोज एक अंडं द्या हिला. आणि पालेभाज्या." पालेभाज्या होत्याच. रोजचं अंडं ही आमच्या घरात चैन होती. कोंबड्या होत्या तीन, त्याही मनात येईल तेव्हा घालायच्या. त्याच सुमारास धरणाच्या काठाला रिसॉर्ट उभं राहिलं आणि आईला तिथं भांडी घासायचं काम लागलं.

पहिल्या आठवड्यात आई घरी येऊन जेवायचीच नाही. अंगाला तुपाचा, व्हिनेगरचा आणि साबणाचा मिळून एक वास यायचा. म्हणायची, "वन्सं, भाताची परातच्या परात उपडी करत्यात. गुलाबजामाला एक दात लावायचा आन् ठिवून द्यायचा. म्या आज घमेलंभर पनीर टाकलं ह्या हातानं." आत्या म्हणायची, "मला नगं सांगूस. हात धू आन् बस जेवाय." आई ताटाकडे बघत बसायची. दिवसभर जे हातांनी खरवडून काढलं, त्यानंतर आमची नाचणीची भाकरीसुद्धा तिच्या घशाखाली उतरायची नाही.

मग रिसॉर्टवाल्यांना अन्नाची कळकळ आली. उरलेलं वाया घालवायचं नाही, वस्तीत वाटायचं, असं त्यांच्या मॅनेजर मॅडमनी ठरवलं. एका दुपारी जीप आली, डबे आले, आणि फोटो काढायला एकजण आला. मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. उन्हात घामेघूम होऊन प्रत्येक दारात जात होत्या. आमच्या दारात आत्या उभी. मॅडम म्हणाल्या, "स्वच्छ आहे सगळं, मावशी. आम्हीसुद्धा हेच खातो."

"तुमी आदी खाता, बाई. आमाला मागनं देता."

"अहो, पण अन्नाला नाही म्हणू नये."

"अन्नाला कोन न्हाई म्हंतंय?" आत्या म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

वस्तीतल्या काही घरांनी घेतलं. कुणी मान फिरवून घेतलं, कुणी पोरांना पुढे करून. त्यांचं मला काही वाटलं नाही, पोट सगळ्यांनाच आहे. मला शिसारी आली ती फोटोवाल्याची. तो शेजारच्या म्हातारीला सांगत होता, "आजी, डबा जरा वर धरा. हसा की!" आधी ताटं भरभरून टाकायची, मग त्याच टाकलेल्याचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं. आजही आमच्या सोसायटीत वाढदिवस झाला की अर्धा केक आणि गार झालेला पास्ता कामवालीच्या हातात कोंबतात. वाया जाऊ नये म्हणे. वाया जाऊ नये असं वाटतं तर मोजकं करा ना! माझ्याकडे काम करणारी बाई माझ्याबरोबर बसून गरम पोळी खाते, त्यावरून काकू माझ्याशी दोन महिने नीट बोलत नव्हत्या.

तोडगा काढला तो आबांनी. ते संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले, "आक्का, आपुन न्हाई खायाचं. कोंबड्या खातील. आनखी पाच-सा कोंबड्या घेऊ. पोरीला अंडं व्हईल."

"आन् अंडं कोन खानार?"

"कोंबडी शेनातलं किडं खाती, उकिरडा उकरती. त्ये चालतं. मग ह्ये का न्हाई?"

"उकिरडा आपला असतुया, किसना."

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडं बघ आन् मग सांग."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई त्ये. परसात काय घालायचा त्यो घोळ घाला."

दुसऱ्या दिवसापासून बादली सुरू झाली. रंगाची रिकामी झालेली निळी बादली, वर झाकण, आई ती डोक्यावर घेऊन यायची. फणसाखाली ठेवायची आणि निवडायचं काम माझं, कारण टूथपिक कोंबडीच्या घशात अडकतात. झाकण उघडलं की पहिल्यांदा गोड वास यायचा, मग आंबट, मग दोन्ही मिळून जो यायचा त्याला नाव नाही. वर वितळलेल्या गुलाबी आइस्क्रीमचा फेस. खाली डाळ. डाळीत नूडल्स. कबाबात टूथपिक, भातात सिगारेटचं थोटुक, लिपस्टिक पुसलेला टिश्यू, केकच्या क्रीमवर कुणीतरी बोट ओढून चाटल्याची वाट. मी काटकीने उपसायची, पण काटकी पुरायची नाही, हात घालावाच लागायचा. नंतर राखेने हात घासायची, मग साबणाने, मग पुन्हा राखेने, आणि तरी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला की बोटांना आइस्क्रीमचा वास यायचाच. मी डाव्या हाताने जेवायला लागले. आत्याने ते पाहिलं, एरवी तिने हातावर चापट मारली असती.

कोंबड्या मात्र फुगल्या. आठवड्याभरात त्यांनी कण्यांकडे पाठ फिरवली. माती उकरणं सोडलं, किड्यामागे धावणं सोडलं. फणसाखाली बसून बादलीची वाट बघायच्या. एकदा तंदुरी कोंबडीच्या तंगडीवरून दोघींची अशी जुंपली की पिसं उडाली. कोंबड्या कोंबडी खात होत्या आणि मी काटकी धरून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्याच एकीचं अंडं उकडून आईने माझ्या हातावर ठेवलं. बलक केशरी, घट्ट, बघणाऱ्याने वाहवा म्हणावी असा. मी नाक दाबून गिळलं. रोज गिळत राहिले. माझ्या गालांवर रंग आला, धाप थांबली, डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि खुशीने मान हलवली. मला त्या रंगाचीही किळस यायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण आबांनी एकदा मॅडमना चार अंडी भेट म्हणून पाठवली आणि त्यांना ती भारी आवडली. रिसॉर्टमध्ये नाश्त्याच्या टेबलावर पाटी लागली, 'गावरान अंडी, इथल्याच परसातली'. बाजारापेक्षा चांगला भाव मिळायला लागला. आधी उरलेली अंडी जायची, मग थंडीचा सीझन सुरू झाला, पाहुण्यांची रीघ लागली आणि सगळीच जायला लागली. आई म्हणाली, "अवो, पोरीचं एक तरी ठिवा." आबा म्हणाले, "सीझन हाय तवर जाऊ दे. तिच्या टॉनिकला पैसं ह्याच्यातनंच यायचं हायेत की." खोटं नव्हतं ते. टॉनिकची बाटली खरंच आली. पण मी पुन्हा पांढरी पडले, आणि एका सकाळी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभी होते ती एकदम खालीच गेले. दोन मुलींनी धरून घरी आणलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला आई बादली घेऊन आली. मी फणसाखाली बसून झाकण काढलं. आइस्क्रीमच्या फेसाखाली माझ्या बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. बाहेर काढलं तर अंडं. उकडलेलं, सबंध, कवचसुद्धा न तडकलेलं. पाहुण्याने घेतलं असेल आणि सोलायचा कंटाळा आला असेल. आई वाकली, माझ्या हातातून ते घेतलं, धुण्याच्या दगडावर तांब्याभर पाण्याने धुतलं, पदराने पुसलं आणि उजेडाकडे धरलं. मग मलाही दिसलं. आमच्या उघड्या मानेच्या कोंबडीची अंडी एका टोकाला खरखरीत निघायची, चुन्याचा कण बसावा तशी. हे तिचंच होतं. चार दिवसांपूर्वी मीच ते खुराड्यातून काढून टोपलीत ठेवलं असणार.

"खा," आई म्हणाली. "आपल्याच कोंबडीचं हाय. कुनाचं त्वांड लागल्यालं न्हाई ह्याला. खा लवकर."

मी ते हातात धरून उभी राहिले. भूक लागली होती, इतकी की तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच पाण्याबरोबर मळमळ चढत होती. कवचाला अजून त्या गुलाबी आइस्क्रीमचा वास येत होता. तेवढ्यात मागच्या दारात आत्या आली, हातात सूप. आबाही तिच्या मागे येऊन उभे राहिले. आईने वळून पाहिलं आणि तिचा आवाज चिरकला. एरवी ती आत्याला उलट बोलायची नाही.

"वन्सं, आज आडवू नगा. पोरगी भुईवर पडली आज. ह्ये उष्टं कसं? आपल्या घरनं गेलं, आपल्या घरी आलं. कवच बी फुटल्यालं न्हाई. ह्ये टाकून द्यायचं का? तुमीच सांगा, टाकू?"

टाकायचं नाही, हाही आत्याचाच धडा होता. भाताचं शीत जमिनीवर सांडलं तर उचलायला लावणारी बाई ती. मला वाटलं, आता ही अंडं घेऊन कोंबड्यांपुढे फेकेल, नाहीतर आईच्या अंगावर ओरडेल. तिने सूप खाली ठेवलं. माझ्याजवळ आली. हात पुढे केला. मी अंडं तिच्या तळहातावर ठेवलं.

तिने ते दगडावर टिचकवलं आणि सावकाश सोललं. सोलून झाल्यावर सवयीने नाकाशी नेलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी आईचा पदर धरला.

"आक्का, आगं, तू कशाला..." आबा म्हणाले.

"बाच्या बरूबर गाडगं धरून कोन जायचं रं, किसना? तू जलमला नव्हतास," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "म्या खाल्लंय. वाटंतच बसून खायाची, भूक निगायची न्हाई घरापत्तुर. माजं त्वांड तवाच बाटलं. हिचं न्हाई बाटू द्यायाचं."

आणि तिने ते अंडं खाल्लं. घाई केली नाही. एक घास, दुसरा घास, मध्ये एकदा उमासा आला तो तिने तोंडावर मूठ दाबून परतवला, तिसरा घास. बलकाचा चुरा हातावर पडला होता तोही तिने ओठांनी टिपला. वाया काही गेलं नाही. मग ती दगडापाशी बसली आणि चुळा भरत राहिली. कळशी संपली तेव्हा आबांनी न सांगता दुसरी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आई रिकाम्या हाताने घरी आली. बादली तिथेच ठेवून आले म्हणाली. कोंबड्या बरेच दिवस फणसाखाली बसून राहिल्या, मग हळूहळू त्यांना माती आठवली. अंडी कमी झाली, बलक फिका झाला, रोजचं एक माझ्यासाठी राहायला लागलं, पण ते माझ्या घशातून उतरेना. आबांनी दर आठवड्याला पौडहून कलेजी आणायला सुरुवात केली, त्यासाठी विडी सोडली. मी वाढले, शिकले, नोकरीला लागले.

आत्याला मी त्या अंड्याबद्दल एकदाच विचारलं. ती परसात बसून तांदूळ पाखडत होती आणि मी शेजारी खडे वेचत होते. मला खरंच कळून घ्यायचं होतं, ते आमच्या कोंबडीचं होतं, स्वच्छ धुतलेलं होतं, कुणाच्या दातांचा स्पर्श नव्हता.

"आत्या, कसं लागलं गं त्ये अंडं?"

सूप थांबलं नाही. ती पाखडत राहिली, कोंडा उडून कोंबड्यांपुढे पडत राहिला.

"तसंच," ती म्हणाली. "गाडगं फुटून इतकी वर्सं झाली, सुमे. पन तसंच."